भीड आणि बिदागी

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हे वाक्य बहुधा तोच म्हणतो, ज्याला गवयाचे पैसे द्यायचे असतात. आणि नवल असे की, समोरचा गवईही त्यावर मान डोलावतो. वास्तविक दसऱ्याला ज्या घरात तंबोऱ्याला आणि तबल्याला हळदकुंकू वाहिले जाते, त्याच घरात पुढे वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन होते. पाट तोच, समई तीच, निरांजन तेच. देवींची एकमेकींविषयी काही तक्रार ऐकिवात नाही. तक्रार आहे ती माणसांची, आणि तीही मनातल्या मनात ठेवलेली. ऐन दिवाळीत पैशाविषयी लिहिणे अप्रस्तुत म्हणावे, तर दिवाळी हाच वहीपूजनाचा सण! तेव्हा या वर्षी गाण्या-बजावण्याची वही जरा उघडून पाहू.

आमच्या खारघरात संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान पाय मोकळे करायला निघावे. सिडकोने आखलेले सरळ रस्ते, दोहों बाजूंना उंच इमारती, आणि चार इमारती ओलांडल्या की एखाद्या खिडकीतून पेटीचे सूर नाहीतर तबल्याचे बोल हमखास कानी येतात. कुठे गिटार, कुठे कीबोर्ड, कुठे ‘सा’ लावताना घसरणारे चिमुकले गळे. यांतली कित्येक मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. त्यांना शिकवणारे ताई-दादा बहुधा तिशी-चाळिशीतले. पहाटे स्वतःचा रियाज, दुपारी एखाद्या शाळेत तास, संध्याकाळी शिकवण्या, शनिवारी-रविवारी कार्यक्रम, असा त्यांचा आठवडा असतो. संगीत हाच त्यांचा संसार चालवण्याचा धंदा आहे. पण ‘धंदा’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला तर आपल्याला उगीचच चुकल्यासारखे होते, आणि त्यांनाही.

याच खारघरात इमारतींच्या गर्दीत कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे अशी जुनी गावे आहेत. तिथल्या आगरी लग्नात धवळे गाणारी धवलारीण अजून दिसते. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांच्या आधाराने चालतात, आणि भटजींसारखीच तिचीही दक्षिणा असते. हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. बेंजो पार्टीवाल्याशी बोलणे करायला जावे, तर तो प्रथम तारीख विचारतो, मग गाव विचारतो, मग माणसे किती हवीत ते विचारतो; आकडा सांगतो, विसार घेतो आणि वहीत मांडून ठेवतो. रात्री दहाला आवाज बंद, हेही तो आधीच सांगून टाकतो. या बोलण्यात कोणाचा अपमान झाला असे कोणालाच वाटत नाही, आणि हळदीच्या रात्री त्याचे वाजवणेही तेवढेच मनापासून होते.

आता तिथून दोन रस्ते ओलांडून एखाद्या विशारद झालेल्या गायिकेच्या घरी चला. सोसायटीच्या सचिवांचा फोन येतो. ‘‘ताई, दिवाळी पहाटेला तुम्हीच गायचे. काय घ्याल?’’ ताईंच्या घशाशी आकडा आलेला असतो. बाहेर पडते ते वाक्य निराळेच. ‘‘अहो, आपलीच सोसायटी आहे. द्याल ते द्या.’’ सचिवांना हायसे वाटते. त्यानंतरचे पंधरा दिवस ताई ‘हे किती देतील’ याचा विचार करतात आणि सचिव ‘कितीत भागेल’ याचा. कार्यक्रम संपल्यावर शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळते. घरी जाऊन ते पाकीट उघडताना जी चिडचीड होते, ती सचिवांच्या वाट्याला जात नाही. घरच्या माणसांच्या वाट्याला येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आज्या सांगत आल्या, ते काही उगीच नव्हे.

मराठी शिकवण्याचे काम पत्करलेल्या माणसाला शब्दांची खोड असते. मला वाटते, या भिडेचे मूळ थोडेसे आपल्या शब्दांत आहे. कलावंताला द्यायच्या पैशासाठी आपल्याकडे पाहा किती शब्द! गावगाड्यात देवळात वाजवणाऱ्या गुरवाला ‘बलुते’ मिळे. म्हणजे सुगीला धान्य. दरबारी गवयाला ‘तनखा’. तमाशाच्या फडात ‘दौलतजादा’. नाटकवाल्यांची ‘नाइट’. ऑर्केस्ट्रावाल्यांची ‘सुपारी’. आणि मैफलीच्या गवयाची ‘बिदागी’. बिदा करणे म्हणजे निरोप देणे. निरोपाच्या वेळी जे हातावर ठेवायचे ते बिदागी. म्हणजे गाणे होऊन गेल्यानंतर, देणाऱ्याच्या खुशीने, देणाऱ्याला वाटेल तेवढे. हा शब्द राजेरजवाड्यांच्या काळचा; त्या व्यवहारात गवयाने आधी आकडा विचारण्याची सोयच नव्हती.

राजे गेले आणि ‘मानधन’ आले. हा शब्द मोठा गमतीचा आहे. संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मानी पुरुष. मराठीत आपण त्याचा अर्थ ‘मानाने दिलेले धन’ असा करून घेतला. पण व्यवहारात पुष्कळ संयोजक अजून संस्कृत अर्थच धरून चालतात. मान घ्या आणि त्यालाच धन समजा! ‘‘तुमचे नाव होईल,’’ ‘‘मोठमोठी माणसे ऐकायला येणार आहेत,’’ ‘‘दोनच तर गाणी म्हणायची,’’ ही त्या अर्थाची आजची भाष्ये. मांडववाला, वीजवाला, ध्वनिवर्धकवाला आणि फराळाचे कंत्राट घेणारा यांना असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या पैशाला आपण पैसेच म्हणतो.

वाद्य करणाऱ्यांचेच उदाहरण घ्या. मिरजेचे शिकलगार एके काळी शस्त्रांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले कारागीर भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी करू लागले, आणि पुढे त्यांचे नाव देशभर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कारागिराकडे जाऊन ‘‘कला म्हणून एक तंबोरा असाच द्या’’ असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? मग तो तंबोरा लावून गाणाऱ्याला मात्र आपण असेच गायला सांगतो, हे थोडे चमत्कारिक नाही काय?

हा प्रश्न आजचा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरज संस्थानचा आश्रय सोडून बाहेरची वाट धरली ती १८९६ साली. पुढे त्यांनी गाण्याला तिकीट लावले. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही; पण तेव्हा ती मोठी क्रांती होती. राजाच्या मर्जीवर गाणारा गवई श्रोत्यांच्या चार-आठ आण्यांवर उभा राहिला, आणि श्रोत्यालाही पैसे देऊन ऐकल्यामुळे नीट बसून ऐकावे लागले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. मुंबईत त्यांनी कर्ज काढून विद्यालयाची इमारत उभारली, आणि त्याच कर्जापायी ती पुढे लिलावात गेली. गवयाला समाजात मानाची जागा मिळवून देणारा हा पुरुष इमारतीच्या कर्जापुढे हरला. पण विद्यालयाची घडी एवढी पक्की होती की, १९३१ साली ते वारले त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केले. त्या मंडळाची परीक्षा देणारी मुले आज माझ्या शेजारी राहतात. तिकीट लावणे हे धैर्याचे काम; जमाखर्च सांभाळणे हे दुसरे, आणि तितकेच अवघड.

बालगंधर्वांची कथा तर घराघरांत ठाऊक आहे. खऱ्या जरीचे शालू, उंची अत्तरे, भारी गालिचे. प्रेक्षकाला खोटे काही दाखवायचे नाही, हा त्यांचा बाणा. १९२१ च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळीवरचे कर्ज लाखाच्या पुढे गेले होते. चाहत्यांनी पैसे जमवून ते फेडण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी ती मदत नम्रपणे नाकारली आणि नाटके करूनच कर्ज फेडले. त्याच १९२१ च्या ८ जुलैला त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले, आणि त्या रात्रीचे उत्पन्न फंडाला गेले. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. स्वतःच्या संसारासाठी दान घ्यायचे नाही, आणि देशासाठी द्यायचे तर सांगून-सवरून, हात आखडता न घेता द्यायचे. यात पैशाविषयी केवढा स्वच्छपणा आहे! पण खर्चाला कुंपण न घालण्याची किंमतही त्यांनीच मोजली. उतारवयात त्यांची जी ओढाताण झाली, ती आठवली की अजून जुनी माणसे गप्प होतात.

हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण मला याहून निराळ्या कारणासाठी आवडते. स्त्रीने भर सभेत, तिकीट लावलेल्या मैफलीत, पुरुष गवयांप्रमाणे बसून गावे, ही गोष्ट त्यांनी रूढ केली. त्यांनीही नाटक कंपनी काढली, तीही कर्जात गेली, आणि हिराबाईंनी मैफली करून ते कर्ज निवारले. तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्याने त्यांच्या गाण्याचा मोल दिला आणि बाईंचा मानही राखला. ज्या काळी गाणाऱ्या बाईपुढे पैसा टाकण्याची रीत होती, त्या काळी तिच्या गाण्याचे तिकीट काढणे म्हणजे तिला नमस्कार करण्यासारखेच होते. पैसा तोच, देण्याची रीत बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

आकाशवाणीने पुढे आणखी एक गोष्ट केली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत बसली. पुष्कळ बुजुर्ग त्यावर रागावले, आणि परीक्षेला बसण्याचा राग समजण्यासारखाही होता. पण श्रेणी, तिचा ठरलेला दर आणि गाण्याच्या आधी हातात पडणारा करारनाम्याचा कागद यांमुळे कित्येक मध्यम दर्जाच्या प्रामाणिक कलावंतांना, ‘द्याल ते द्या’ न म्हणता, डोके वर करून गाता आले. त्यानंतर साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी, ध्वनिमुद्रिका विकली जाईल तसा गायकालाही वाटा मिळावा, असा आग्रह धरला. महंमद रफींचे मत होते की, गाण्याचे पैसे मिळाले की व्यवहार पुरा झाला. दोघेही थोर, दोघेही सज्जन. पण या मतभेदापायी काही वर्षे त्यांनी एकत्र गाणी म्हटली नाहीत. पुढे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार, संगीतकार व गायक यांचा उत्पन्नातला हक्क कायद्याच्या पुस्तकात शिरला. लताबाईंना त्या वेळी हट्टी म्हणणारे पुष्कळ होते. हक्काचे मागणाऱ्याला आपल्याकडे आधी हट्टी म्हणतात, मग व्यवहारी म्हणतात, आणि शेवटी कायदा करतात.

मात्र पैशाचे सगळे ओझे गाण्यावरच टाकले पाहिजे असेही नाही. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. हिंदुस्थानी संगीताची शिस्तवार मांडणी करणाऱ्या या पंडिताने पोटासाठी वकिली केली म्हणून त्यांची विद्या कुठे उणी पडली नाही. दिवसा बँकेत बसून रात्री तबला वाजवणाऱ्याला ‘हौशी’ म्हणून हिणवण्याची एक खोड कलावंतांतही असते, ती टाकलेली बरी. आधी पोटोबा मग विठोबा, हे ज्ञान जुनेच आहे. आणि पोटोबा ज्याचा शांत आहे, त्याला नको ते कार्यक्रम नाकारता येतात, हा त्यातला लाभ.

आता थोडे हिशेबाकडे वळू. समजा, एका दिवाळी पहाटेचे वीस हजार रुपये ठरले. सोसायटीतले गृहस्थ लगेच म्हणतात, ‘‘अडीच तासांचे वीस हजार!’’ त्या विसांतून तबल्याचे चार आणि पेटीचे चार हजार गेले, तालवाद्याचे दोन हजार, तंबोऱ्याच्या साथीचा एक हजार आणि गाडीचे अडीच हजार. गायिकेच्या हाती साडेसहा हजार उरले. त्यांत दोन तालमी आल्या, पहाटे तीनला उठणे आले, आणि त्यामागची पंधरा-वीस वर्षांची शिकवणी आली; ती कोणी मोजत नाही. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी अशी कामांची झुंबड उडते. मध्येच पितृपक्षाचे पंधरा दिवस कोरडे जातात, मे महिन्यात शिकवणीची मुले गावाला जातात. ज्याचे उत्पन्न सणांवर चालते, त्याला खर्च महिन्यांवर बसवायला शिकावे लागते. आपल्या आज्या डाळींच्या डब्यांत पैसे वेगवेगळे ठेवीत. कलावंतानेही तीन डबे करावेत: एक घरखर्चाचा, एक वाद्ये आणि त्यांच्या दुरुस्तीचा, एक अडीअडचणीचा. वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागावे आणि त्या भागाकारातच महिना काढावा. भर भाद्रपदात आलेला पैसा भाद्रपदाचाच समजला, की मार्गशीर्षात उसनवारी ठरलेली.

आणि साथीदारांचे पैसे त्याच रात्री द्यावेत. संयोजकांच्या नावाने बोटे मोडणारे काही मुख्य कलावंत आपल्या तबलजीला मात्र ‘‘पुढच्या कार्यक्रमात एकदमच देतो’’ म्हणतात. आपल्याला ज्या भिडेने नाडले, तिच्याच जोरावर दुसऱ्याला नाडायचे, हा काही विद्येचा गुण नव्हे.

फुकट गाऊच नये काय? अवश्य गावे. गुरूच्या पुण्यतिथीला गावे, देवळात गावे, अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या आजींसाठी त्यांच्या उशाशी बसून गावे. पण ते आपले देणे आहे हे आपल्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असावे. देताना मन हलके होते. लाजेने ‘नको’ म्हणालो आणि घरी येऊन आठवडाभर धुमसलो, तर त्याला दान म्हणत नाहीत. तसेच, पाकीट जाड म्हणून गाणे मोठे आणि पाकीट पातळ म्हणून गाणे लहान, असेही होऊ देऊ नये. मोल ठरवताना वेळ, श्रम, प्रवास आणि माणसे मोजावीत. गाण्याची योग्यता त्या आकड्यात शोधू लागलो, की शेजाऱ्याचा आकडा ऐकून आपला षड्ज हलतो.

हे सगळे लिहावेसे वाटण्याचे कारण निराळे आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात तबल्यावर सभा जिंकणारी, किंवा एका ठुमरीत सभागृह स्तब्ध करणारी मुले-मुली दरवर्षी पाहण्यात येतात. पाच-सात वर्षांनी त्यांतली काही रेल्वे फलाटावर भेटतात. ‘‘वाजवतोस ना अजून?’’ असे विचारले की मान खाली जाते. कष्टाला ती घाबरत नव्हती, आणि गरिबीलाही सगळी घाबरत नव्हती. महिन्याच्या पहिल्या तारखेला काय येणार हे घरी सांगता येत नाही, आणि ते मागताना तोंड उघडत नाही, या दोन गोष्टींनी त्यांना हरवले. आईबाप म्हणाले, ‘‘छंद म्हणून ठेव.’’ आईबापांचेही चुकले असे कसे म्हणावे? ज्या व्यवहारात आकडाच उच्चारायचा नाही, त्याच्यावर मुलाचा संसार ते कसे सोपवतील? आपल्या संकोचाने आपण चांगले वाजवणारे हात गमावतो, आणि मग ‘‘आता पूर्वीसारखे गाणे राहिले नाही’’ म्हणून हळहळतो.

तेव्हा या दिवाळीत वाचकांनी दोन लहान गोष्टी करून पाहाव्यात. मुलाच्या पेटीच्या बाईंची फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी आठवण करण्याआधी पोचती करावी. मुलगा आजारी पडून दोन तास बुडाले म्हणून तेवढे पैसे कापून घेऊ नयेत. शाळा कापत नाही, तर बाईंचेच का कापावेत? आणि सोसायटीत गाणे ठरवायचे असेल, तर पहिल्याच फोनवर म्हणावे, ‘‘आमच्याजवळ एवढे आहेत. तुमचे काय होतात ते मोकळेपणाने सांगा.’’ जमले तर उत्तम. नाही जमले तर दोघांचाही मान शाबूत. ठरलेले पाकीट मात्र भैरवी होईपर्यंत थांबवून ठेवू नये. तंबोरे जुळत असतानाच आत जाऊन ते हातात द्यावे, आणि मग बाहेर येऊन सतरंजीवर स्वस्थ बसावे. मनात हिशेब चालू नसलेले गाणे कसे लागते, ते त्या पहाटे ऐकायला मिळेल.